डोंबिवलीच्या शेतात ठरलेलं बाळंतपण

ठाण्याची माणसं कल्याणच्या माणसांबद्दल काय बोलत, ते आधी सांगतो, कारण मी ठाण्याचा. कल्याणची बाजू नंतर येईल आणि जरा कमी येईल. हा अन्याय आहे हे मला कळतं, पण आमच्या ओटीवर ह्यालाच न्याय म्हणत.

त्या काळी आमच्या भागात आट्यापाट्यांचं वेड होतं. जमिनीवर राखेने आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर एका पक्षाचा एक गडी उभा करायचा, आणि त्याने ती पाटी सोडायची नाही. दुसऱ्या पक्षाच्या गड्यांनी त्याचा हात न लागू देता सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे जायचं नि तसंच परत यायचं. जो परत येईल त्याने ‘लोण’ म्हणून ओरडायचं. खेळ एवढाच. एवढ्यासाठी ठाणं कल्याणचं पाणी पीत नव्हतं आणि कल्याण ठाण्याचं.

माझे वडील ठाण्याच्या कोर्टात वकील. जन्मात त्यांनी एक पाटी धरली नव्हती. कोर्टाचा जिना चढताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागे. पण आमच्या पक्षाचे सर्वेसर्वा तेच. रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर बैठक भरे. त्यात दोघे कायमचे. एक बेलीफ, आमच्या पक्षाचा सगळ्यात चपळ गडी. दुसरे शाळेचे मास्तर, जे खेळत नसत पण इतिहास सांगत. पक्षाला दोन्ही लागतं.

मास्तरांचं म्हणणं असं की कल्याण हे जगातलं एकमेव गाव आहे, जे स्वतःचा खजिना लुटला गेल्याचा अभिमान बाळगतं. महाराजांनी तो नेला हे मान्य, चांगल्या कामासाठी नेला हेही मान्य. पण तेव्हा पहाऱ्यावर कोण होतं? कल्याणकर. ज्यांना खजिना राखता आला नाही ते पाटी काय राखणार? ह्यावर ओटी डुलत असे. शिवाय हिंदुस्थानातली पहिली आगगाडी कुठे आली? ठाण्याला. हे सांगताना मास्तरांची छाती अशी फुगे की जणू रूळ त्यांनीच डोक्यावरून वाहून आणले होते.

कल्याणकरांचं उत्तर असं, की गाडी ठाण्यापर्यंत आली आणि दमली. आमच्याकडे आल्यावर तिला दोन वाटा फुटल्या. खजिन्याचं म्हणाल तर आमच्याकडे नेण्यासारखं काही होतं. ठाणं मात्र फिरंग्यांकडून पेशव्यांकडे, पेशव्यांकडून इंग्रजांकडे असं हातोहात फिरलं आणि शेवटी तहात देऊन टाकलं गेलं, नकोशी वस्तू अहेरात देतात तसं. तुमच्या किल्ल्याचा तुरुंग झालाय, आणि आमची माणसं ठाण्याला गेली तर बेड्या घालूनच जातात. मला हे सगळं पाठ होतं, कारण हे मला माझे सासरे ऐकवीत.

हो, सासरे कल्याणचे. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून आणि तिकडच्या पक्षाचे सर्वेसर्वा. वडिलांनी मुलगी कल्याणची कशी केली, असं लोक विचारत. त्याचं कारण साधं होतं: पत्रिका जुळली, आणि पत्रिकेत गावाचं घर नसतं. लग्न लागलं तेव्हा दोन्ही व्याह्यांना वाटलं की आपण समोरच्या पक्षातलं एक माणूस फोडलं. वडिलांच्या हिशेबी सून ठाण्याची झाली होती. सासऱ्यांच्या हिशेबी मी कल्याणचा. आम्हा दोघांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी आम्ही काय सांगणार होतो? तिला खेळ आवडत नव्हता आणि मला ती आवडत होती.

गड्यांबद्दलची मतं तर विचारू नका. कल्याणची पहिली पाटी एक भटजी धरत. ते म्हणे दक्षिणेमागे धावून तयार झालेले. कल्याणकर आमच्या बेलिफाबद्दल म्हणत, की ह्याला पळता येणारच. जप्ती घेऊन गेला की लोक दगड मारतात, रोजचा सराव आहे. हे दुसरं मत खरं होतं. पण कल्याणचा खरा खांब म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. शेवटची पाटी त्याची. हात लांब, बोलणं थोडं, आणि आजवर आमच्यातला कुणीही त्याच्या पाटीवरून धड परत आलेला नव्हता. म्हणून ओटीवर त्याच्याबद्दल मत असं होतं की तो गर्विष्ठ आहे.

बायकोला दिवस गेले. सोळावं सरून सतरावं लागलं होतं तिला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. त्यात विचारण्यासारखं काही नाही. सातव्या महिन्यात आईने डोहाळजेवण केलं. कासारीण हिरवा चुडा भरून गेली. कल्याणहून सासरे आणि मेहुणा ओटीचं सामान घेऊन आले. तिला तेव्हाच न्यायचं असं ठरलं होतं. तिची गाठोडी बांधून माजघरात ठेवलेली मी स्वतः पाहिली होती.

जेवणं झाली. पानाचं तबक ओटीवर आलं. सासऱ्यांचं पोट भरलं होतं, आणि माणूस भरल्या पोटी बोलतो ते उपाशी पोटी बोलत नाही. ते म्हणाले, नातू कल्याणच्या मातीत जन्मायचा, म्हणजे तो कल्याणचाच गडी; मामाच्या शेजारची पाटी त्याच्यासाठी राखून ठेवतो.

ओटीवर मास्तर होते. बेलीफ होता. त्यांच्यादेखत हे बोलणं झालं, ही खरी अडचण. एकट्यात झालं असतं तर वडील हसलेही असते. ते म्हणाले, “असं असेल व्याहीबुवा, तर नातू ठाण्याच्या मातीतच जन्मू दे. बाळंतपण इथे होईल.”

सासरे म्हणाले, ही कुठली रीत. वडील म्हणाले, ज्या गावाला खजिना राखता आला नाही त्याने रीत शिकवू नये. मग सासऱ्यांनी तह काढला, मास्तरांनी आगगाडी काढली, आणि बघता बघता एका पोरीच्या बाळंतपणात फिरंगी, पेशवे आणि इंग्रज असे सगळे येऊन बसले. शेवटी बेलीफ म्हणाला, एवढं कशाला, सामना घ्या; जिंकेल त्या गावी बाळंतपण. मला वाटलं कुणीतरी त्याला हटकेल. वडिलांनी तबकातला विडा उचलून पुढे केला, आणि सासऱ्यांनी घेतला. वकील आणि अव्वल कारकून! दोघांनाही इंग्रजी येत होतं.

मेहुणा उठून उभा राहिला. आत जाऊन बहिणीला भेटला आणि बापाबरोबर निघून गेला. गाठोडी माजघरातच राहिली.

त्या संध्याकाळी ती मला विहिरीपाशी भेटली. सासरच्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं म्हणजे धाडस, पण तिने केलं. “कोण जिंकलं म्हणजे मला जायला मिळेल?” असं तिने विचारलं. मी म्हणालो, कल्याण. ती म्हणाली, “मग कल्याण जिंकू दे. मला भीती वाटते हो. मला माझी आई हवी.”

मलाही भीती वाटत होती, हे तिला सांगितलं नाही. आमच्या गल्लीत त्याच वर्षी पहिलटकरीण दगावली होती. पण मी गेलो वडिलांकडे, खाली मान घालून म्हणालो की तिला पाठवावं. ते म्हणाले, आता विडा उचलला गेलाय, ठाण्याच्या शब्दाचा प्रश्न आहे. ठाण्याचा शब्द! ठाण्याला शब्द आहे हे मी प्रथमच ऐकत होतो.

सामना तिसऱ्याच जागी हवा, म्हणून डोंबिवली ठरली. तिथे नुकतंच स्टेशन झालं होतं. का झालं होतं हे कुणाला माहीत नव्हतं. चहूकडे भातशेती नि खाडीकडे मिठागरं. तिथे उतरून कोण राहायला जाणार, असं मास्तर म्हणाले, आणि भविष्याबद्दलचा त्यांचा अंदाज इतिहासाइतकाच बरोबर असे. भात कापून झालेलं होतं. मानपाड्याच्या एका आगरी शेतकऱ्याने स्टेशनाजवळचं आपलं शेत दिलं, आणि पंच कोण ह्यावरून वाद सुरू होताच तो म्हणाला, “श्यात माजा, तवा निकाल पन मीच देनार. माना दोनी गावांचा काय परलेला नाय.” इतकी निःपक्षपाती भूमिका आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती, म्हणून तोच पंच ठरला.

सामन्याच्या दिवशी ठाण्याहून सकाळच्या गाडीने आमची फौज निघाली. ढोल, ताशा, शिदोरी. निघताना मी माजघराच्या दाराशी उभा राहिलो. आई बायकोचे केस विंचरत होती. आईने वर पाहिलं नाही, फक्त म्हणाली, “जा. तुमचा खेळ होऊ द्या.” माझी आई कमी बोलणारी, घरात तिचं मत कशावर विचारलं जात नसे, त्यामुळे ते चांगलं राहिलं होतं.

मी ठाण्याच्या घोळक्यात उभा राहून ठाण्यासाठी ओरडत होतो आणि मनातल्या मनात कल्याणला हात जोडत होतो. असा भक्त कुठल्याच पक्षाला कधी मिळाला नसेल.

आणि कल्याणची मंडळी आली तर मेहुणा नाही.

हे कळताच आमच्याकडे जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. घाबरला, असं बेलीफ म्हणाला. हा बेलीफ त्याच्या पाटीवर आजवर दर वेळी मेला होता. मास्तरांनी लगेच सिद्ध केलं की ऐन लढाईत खांब गळणं हे कल्याणच्या रक्तातच आहे. तिकडे सासरे आपल्याच मुलाला नावं ठेवत फिरत होते. सकाळी गाडीवर येतो म्हणाला आणि आलाच नाही, म्हणे. कल्याणची पोरं तर ‘बायल्या’ म्हणू लागली. तो नाही, म्हणजे शेवटची पाटी रिकामीच. कल्याण हरणार आणि ती ठाण्यात अडकणार. मेहुण्याचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही. स्वतःच्या बहिणीसाठी एक दिवस उभं राहता येऊ नये?

शेवटच्या पाटीवर कल्याणने एका मिठाईवाल्याला उभं केलं. त्याच्याबद्दल एवढंच सांगतो, की त्याने आपला माल मनापासून खाल्ला होता.

दुपारपर्यंत बरोबरी होती. मग बेलीफ सुटला. पाट्यांमागून पाट्या ओलांडत पलीकडे गेला, मिठाईवाल्याला वळसा घालून परत फिरला, आणि अगदी पहिल्या पाटीशी भटजींनी झेप घेतली. हात लागला की नाही? भटजी म्हणाले लागला. बेलीफ म्हणाला, त्यांचा हात माझ्या घामाला लागला, मला नाही. दोन्ही गावं शेतात घुसली. पुन्हा खजिना निघाला, पुन्हा तह निघाला. त्याच वेळी ठाण्याकडून गाडी आली, स्टेशनात थांबली, शिटी देऊन कल्याणकडे गेली. एकानेही तिकडे वळून पाहिलं नाही. आम्ही सगळे पाठमोरे, एकमेकांच्या पूर्वजांवर तुटून पडलेलो.

शेतकऱ्याने निकाल दिला, लागला नाही. लोण. ठाणं जिंकलं.

वडिलांना लोकांनी खांद्यावर घेतलं. सासऱ्यांनी डोक्यावरची पगडी नीट केली, मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “तिची काळजी घ्या जावईबापू.” तेव्हा मला प्रथमच वाटलं की ह्या माणसाला आपण काय केलं हे कळलंय. कळून उपयोग काय? उचललेला विडा आता त्यांना चघळायचा होता.

दिवेलागणीला आम्ही ताशे वाजवत घरी आलो. लोक अंगणात थांबले, वडील हार घालून आत गेले, मी मागोमाग. माजघरात आई वाती वळत बसली होती. गाठोडी नव्हती.

वडिलांनी विचारलं, सूनबाई कुठे? आई म्हणाली, “पाठवली.”

हकीगत अशी. आईने कासारणीकरवी कल्याणला निरोप धाडला होता. कासारीण दोन्ही गावांत बांगड्या भरत फिरे. तिला कुठलं गाव परकं नव्हतं. निरोप माझ्या सासूला होता आणि सासूने तो मुलाला सांगितला: सगळे पुरुष डोंबिवलीत असतील त्या दिवशी येऊन बहिणीला घेऊन जा. मेहुणा कल्याणच्या मंडळींच्या आधीच्या गाडीने निघाला, डोंबिवलीला उतरलाच नाही, थेट ठाण्याला आला. दुपारच्या गाडीने बहिणीला घेऊन परत गेला. आम्ही भांडत होतो तेव्हा आमच्या मागून जी गाडी गेली, तीत ती दोघं होती.

वडील संतापले. मी कधी पाहिलं नव्हतं असे संतापले. माझ्या शब्दाचं काय, बाहेर लोकांना काय सांगू, तू कोण ठरवणारी. आईने वाती खाली ठेवल्या. जन्मभर ‘इकडून’ म्हणणारी माझी आई त्या दिवशी सरळ ‘तुम्ही’ म्हणाली.

“ह्याच्या आधी एक झाला होता, आठवतो? ह्याच माजघरात. माझ्या वडिलांनी न्यायला धाकट्या भावाला धाडलं, थोरल्याला नाही, म्हणून तुमच्या वडिलांचा मान दुखावला. मला पाठवलं नाही. मी आत आई आई म्हणून ओरडत होते आणि बाहेर ओटीवर तुम्ही सगळे मान कुणाचा ते ठरवत होता. तो दोन दिवस होता. तुम्ही त्याला हातातसुद्धा घेतलं नाहीत.”

मी दारात उभा होतो. मी पहिला नाही हे मला त्या घटकेपर्यंत माहीत नव्हतं. आईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मला ओवाळताना तिच्या मनात दुसराही कुणी असेल हे मला कधी सुचलं नव्हतं. मला रडू आलं. वडिलांनी गळ्यातला हार काढला नि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. बाहेर ताशा वाजतच होता. शेवटी तेच ओटीवर गेले आणि म्हणाले, मंडळी, घरात बरं नाही, आज जा.

सून कल्याणला गेली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्यांनीही मुलगी घरी आल्याचं कुणाला सांगितलं नाही. विडा हरूनही पोर घरात, हे सांगणार कसं? दोन्ही सर्वेसर्वे आपापल्या गावात गप्प. ह्या गप्प बसण्यात नुकसान झालं ते एकट्या मेहुण्याचं. ऐन सामन्यातून पळालेला म्हणून दोन्ही गावांनी त्याच्यावर शिक्का मारला. ह्या एका मुद्द्यावर ठाण्याचं आणि कल्याणचं एकमत होतं, इतिहासात पहिल्यांदाच.

पुढे महिना-दीड महिन्याने एका संध्याकाळी बैठक भरली असताना मेहुणा ओटीच्या पायऱ्या चढून आला. हातात साखरेची पुडी. बेलीफ म्हणाला, या, आज वाट चुकला नाहीत म्हणायचं. लोक हसले. मी उठलो, सगळं सांगून टाकणार होतो. मेहुण्याने मला डोळ्याने थांबवलं.

“मुलगी झाली,” तो म्हणाला.

म्हणजे बाळंतपण कल्याणला झालं, हे ओटीला तेव्हा कळलं. जिच्यासाठी दोन गावांनी फिरंग्यांपासूनचा इतिहास उकरला होता, तिच्यावर हक्क सांगायला त्या घटकेला कुणी पुढे आलं नाही. ठाण्याची म्हणा, कल्याणची म्हणा, कुणाचीच हरकत नव्हती. मास्तर पडल्या आवाजात म्हणाले, असू द्या, पहिली बेटी धनाची पेटी. बेलिफाने पुढल्या सामन्याचा विषय काढला.

वडिलांनी त्याला हाताने थोपवलं. ते मेहुण्याकडे वळले. मला वाटलं, नात कशी आहे विचारतील.

“सूनबाई कशी आहे?”

“अवघड गेलं,” मेहुणा म्हणाला. “दोन रात्री आईने तिचा हात सोडला नाही. आता बरी आहे.”

माझी आई माजघराच्या दारात येऊन उभी होती. वडिलांनी सगळ्यांदेखत तिच्याकडे पाहिलं, आणि आमच्या ओटीवर कधी झालं नव्हतं ते झालं. ते म्हणाले, “तुझ्यामुळे वाचली.”

आईने मेहुण्याच्या हातून साखर घेतली. पहिली चिमूट तिने वडिलांच्या हातावर ठेवली, आणि ती तोंडात घालायच्या आधी त्यांनी हळूच विचारलं, आपला तो दिसायला कसा होता गं.